हातानं काढलेलं विजेट: डेस्कटॉप प्रोग्राममधल्या कस्टम ड्रॉइंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माळ्यावर आमची शनिवारची शिकवणी भरते. डिप्लोमाची पोरं असतात, फाउंड्रीत शिफ्ट करून पायथॉन शिकणारे असतात, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, जे सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात. आठवडाभर व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथं एका जागी मांडले आहेत.

उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतलंय: पंचगंगेची पातळी दाखवणारी उभी पट्टी. पावसाळ्यात कोल्हापूरकर उठल्या उठल्या 'राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?' हेच विचारतो. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. फंक्शनांची नावं क्यूटी या टूलकिटमधली (खिडक्या-बटणं बनवायच्या तयार सामानातली) आहेत आणि उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. दुसऱ्या टूलकिटमध्ये वागणं वेगळं असेल तिथं तसं सांगितलंय.

१. तयार बटणं, लेबलं, टेबलं असताना हातानं काढायची गरजच काय?

बऱ्याचदा नसते, आणि नसेल तेव्हा काढू नका. '४१ फूट ३ इंच' एवढंच दाखवायचं असेल तर लेबल पुरे. पण पाणी इशाऱ्याच्या रेषेला टेकलंय की धोक्याकडे सरकतंय, हे लांबून एका नजरेत कळायला हवं असेल, तर तशी पट्टी कुठल्याच टूलकिटमध्ये तयार मिळत नाही. मग रिकामं विजेट (बटणासारखा खिडकीतला एक भाग) घ्यायचं आणि त्याच्यात रेषा, आयत, अक्षरं स्वतः काढायची. यालाच कस्टम ड्रॉइंग म्हणतात. भट्टीच्या तापमानाचा आलेख, इचलकरंजीच्या जॅकार्ड मागासाठीची चौकटी नक्षी, हुपरीच्या पैंजणाचं डिझाइन ही सगळी त्याच जातीची कामं.

एक इशारा आत्ताच देतो. बटण 'वेगळं दिसावं' एवढ्यासाठी ते हातानं काढायला बसू नका. दिसणं जमतं, पण टॅबनं फिरणं, एंटरनं दाबणं, फिकट होणं हे सगळंही तुमच्याच गळ्यात पडतं (प्रश्न १६ पाहा).

२. सुरुवात कशानं करू?

पायथॉन येत असेल तर पायसाइड, म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी घ्या. पायक्यूटीही जवळजवळ तसंच आहे, पण त्याचा मोफत परवाना जीपीएल (प्रोग्रामचा कोडही खुला द्यायला लावणारा) आहे. प्रोग्राम विकायचा असेल तर एलजीपीएलवालं पायसाइड सोयीचं पडतं. जावावाल्यांनी स्विंग, सी-शार्पवाल्यांनी विनफॉर्म्स. नुसतं खेळून बघायचं असेल तर पायथॉनसोबत येणारा टीकेइंटरचा कॅनव्हास पुरेसा आहे, फक्त त्याची रीत वेगळी आहे. ती प्रश्न ११ मध्ये येते.

३. सर, रेष काढली, दिसली पण. विंडो मिनिमाइज करून परत आणली तर सगळं गायब! कुठं गेलं?

हा प्रश्न दर बॅचला पहिल्याच शनिवारी येतो. हा समजला की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

तुम्ही काढलेली रेष विंडो लक्षात ठेवत नाही. तुम्ही काही पिक्सेल रंगवले, एवढंच झालं. विंडो लहान-मोठी केली, मिनिमाइज केली की सिस्टीम तुमच्या प्रोग्रामला सांगते, 'हा भाग खराब झालाय, परत रंगव.' हा निरोप म्हणजे पेंटइव्हेंट. विंडोजच्या मुळाशी त्याला डब्ल्यूएम-पेंट म्हणतात, स्विंगमध्ये पेंटकंपोनंट, विनफॉर्म्समध्ये ऑनपेंट. तुमची रेष माउसक्लिकच्या फंक्शनमध्ये काढलेली असेल, तर पेंटइव्हेंटला तिचा पत्ताच नसतो. तो कोरी पाटी रंगवून मोकळा होतो.

दारातली रांगोळी आठवा. कुणाचा तरी पाय पडतो आणि ती फिसकटते. पण आईला 'अकरा ते एक' असा ठिपक्यांचा हिशेब पाठ असतो, म्हणून ती पुन्हा तश्शीच काढते. तुमच्या प्रोग्रामलाही तो हिशेब हवा. क्लिक झाला की चित्र काढू नका. बिंदू यादीत टाका आणि अपडेट म्हणा. पेंटइव्हेंट आला की यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून सगळं चित्र काढा. माहिती एका जागी, रंगवणं दुसऱ्या जागी.

यात एक छुपा खड्डा आहे. पूर्वी दुसरी विंडो वरून ओढली तरी चित्र खरवडलं जायचं, त्यामुळे चूक लगेच कळायची. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोचं चित्र मेमरीतल्या वेगळ्या जागेत (बफरमध्ये) ठेवून मग पडद्यावर एकत्र जुळवलं जातं, त्यामुळे वरून काहीही ओढलं तरी काही पुसत नाही. पोरगं म्हणतं, 'माझ्याकडं चालतंय की.' चालत नसतं. मिनिमाइज करून परत आणा, विंडोचा कोपरा धरून ओढा, मग बोला.

स्विंगमधलं गेटग्राफिक्स, विनफॉर्म्समधलं क्रिएटग्राफिक्स आणि डब्ल्यूएक्स या आणखी एका टूलकिटमधलं क्लायंटडीसी ही तिन्ही याच खड्ड्याची दारं आहेत. जुन्या ट्यूटोरियलमध्ये ती सर्रास वापरलेली दिसतात. नवख्यानं त्यांना हात लावू नये.

४. मग पेंटइव्हेंट मीच कॉल करू का? अपडेट आणि रीपेंट यांत फरक काय?

पेंटइव्हेंट स्वतः कधीच कॉल करायचा नाही. आपण फक्त 'चित्र शिळं झालंय' एवढं कळवायचं.

क्यूटीत अपडेट म्हणजे 'सवडीनं रंगव'. एका फंक्शनमध्ये पन्नास वेळा अपडेट म्हटलं तरी ती सगळी मागणी एकत्र होऊन रंगकाम साधारण एकदाच होतं. रीपेंट म्हणजे 'आत्ताच्या आत्ता'. पन्नासदा म्हटलं तर पन्नासदा रंगवतो. अपडेटचीच सवय लावा.

नावांचा घोळ मात्र लक्षात ठेवा. स्विंगमध्ये रीपेंट हेच सवडीचं आहे, म्हणजे क्यूटीच्या अगदी उलट. विनफॉर्म्समध्ये सवडीचं काम इनव्हॅलिडेट करतं, तिथलं अपडेट राहिलेलं रंगकाम लगेच उरकतं, आणि रिफ्रेश म्हणजे दोन्ही मिळून. एका टूलकिटवरून दुसऱ्यावर जाणारा माणूस इथं हमखास घसरतो.

पेंटइव्हेंटच्या आतूनच अपडेट म्हटलं तर रंगवून झालं की परत रंगव, असं चक्र सुरू होतं. विंडो शांत दिसते आणि पंखा गरगरतो. थेट विंडोजच्या मूळ फंक्शनांवर (एपीआयवर) लिहिणाऱ्यांना हाच रोग वेगळ्या कारणानं होतो: डब्ल्यूएम-पेंट हाताळताना बिगिनपेंट विसरलं की तो भाग दुरुस्त झाल्याची नोंदच होत नाही, आणि सिस्टीम तोच निरोप पाठवत राहते.

५. पेंटर बनवला की कन्सोलवर इशाऱ्यांचा पाऊस पडतो, किंवा प्रोग्राम सरळ बंद पडतो. का?

पेंटर म्हटलं की कोल्हापुरात बाबूराव पेंटर आठवतात. आडनाव मेस्त्री, पण हातातल्या कलेनं 'पेंटर' हेच नाव झालं. त्यांना कुंचला कुठंही धरता येत होता. क्यूटीत रंगवण्याचं काम करणाऱ्या क्यूपेंटरला ती मुभा नाही. विजेटवर रंगवायचं असेल तर तो त्या विजेटच्या पेंटइव्हेंटमध्येच तयार करायचा. कन्स्ट्रक्टरमध्ये किंवा टायमरच्या फंक्शनमध्ये केला की इशारे येतात आणि चित्र येत नाही.

प्रोग्राम बंद पडण्याचं कारण बहुधा दुसरं असतं. पायथॉनमध्ये पेंटर वेळेवर आवरला गेला नाही तर विजेट किंवा चित्र आधी मोडलं जातं आणि पेंटर अजून त्याच्यावर बसलेला असतो. पेंटइव्हेंटच्या शेवटी एंड म्हणा. मधूनच रिटर्न करत असाल तर त्याच्याआधीही म्हणा.

६. पाणी वाढलं की माझी पट्टी खाली जाते. उलटं का?

कारण स्क्रीनवरचा शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढत जातो. शाळेतल्या आलेखाच्या उलट.

हिशेब एकदा हातानं करा. विजेटची उंची ४०० पिक्सेल. वर २० आणि खाली २० मोकळे सोडले तर उरले ३६०. पट्टी ० ते ६० फूट दाखवते, म्हणजे एका फुटाला ६ पिक्सेल. तळ आहे ३८० वर. ३९ फुटांची रेष ३८० वजा २३४, म्हणजे १४६ वर येते आणि ४३ फुटांची १२२ वर. दोन रेषांमध्ये २४ पिक्सेल. हे आकडे कोडमध्ये लिहू नका. 'फूट दिले की पिक्सेल देणारं' एक छोटं फंक्शन करा, आणि त्याला विजेटची आत्ताची उंची विचारायला लावा. मग विंडो ओढली तरी पट्टी बरोबर राहते.

काही जण स्केलमध्ये वायला उणे एक देऊन सगळा पडदाच उलटा करतात. गणित सोपं होतं खरं, पण अक्षरंही डोक्यावर उभी राहतात.

७. एक पिक्सेलची काळी रेष दोन पिक्सेलची राखाडी का दिसते? आणि चौकटीची उजवी, खालची बाजू का कापली जाते?

अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून फिकट छटा भरणं) चालू असताना पूर्णांक हा पिक्सेलचा मध्य नसतो, दोन पिक्सेलमधली शिवण असतो. शिवणीवर काढलेली एक पिक्सेल जाडीची रेष अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडते आणि दोन्हीकडे फिकट दिसते. आडव्या-उभ्या रेषांना अर्धा पिक्सेल सरकवा (१४६ ऐवजी १४६.५), किंवा तेवढ्यापुरतं अँटिअलायझिंग बंद करा. तिरप्या रेषा आणि वर्तुळांसाठी चालू ठेवा. कैरो लायब्ररीवर काढणाऱ्या जीटीके टूलकिटवाल्यांनाही हेच लागू.

चौकटीचं म्हणाल तर, १०० रुंदीचा आयत एक पिक्सेलच्या पेननं काढला की तो १०१ पिक्सेल व्यापतो. विजेट १०० चं, म्हणून शेवटची रेष बाहेर. रुंदी-उंचीतून एक वजा करा. स्विंग आणि विनफॉर्म्समध्येही हीच तऱ्हा.

८. चित्र सतत लुकलुकतंय.

आधी पार्श्वभूमी पुसली जाते, मग चित्र येतं, आणि मधला कोरा क्षण डोळ्याला दिसतो. उपाय डबल बफरिंग: चित्र मेमरीत पूर्ण करायचं आणि एका झटक्यात पडद्यावर ठेवायचं. क्यूटीच्या विजेटमध्ये चौथ्या आवृत्तीपासून हे आपोआप होतं, स्विंगमध्येही. विनफॉर्म्समध्ये डबलबफर्ड हा गुणधर्म चालू करावा लागतो. डब्ल्यूएक्समध्ये पार्श्वभूमीची शैली 'पेंट' ठेवून ऑटोबफर्डपेंटडीसी वापरा.

स्विंगमध्ये लुकलुक नाही पण जुन्या चित्राची भुतं उरत असतील, तर सुपरचा पेंटकंपोनंट कॉल करायला विसरलात. क्यूटीत लुकलुक दिसली तर बफर नव्हे, तुमच्या टायमरमधलं रीपेंट तपासा (प्रश्न ४).

९. मराठी अक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडं जाते, वरचा भाग कापला जातो. इंग्रजीला तर काही होत नाही!

इंग्रजीत एक खूण म्हणजे एक अक्षर, म्हणून तिकडच्या ट्यूटोरियलमधल्या चुका खपून जातात. आपल्याकडं खपत नाहीत.

'कोल्हापूर' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्याच्या खुणा नऊ: क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. डोळ्याला अक्षरं दिसतात चार: को, ल्हा, पू, र. नऊ खुणांची चार अक्षरं करण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. क्यूटीत ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि तिला पूर्ण शब्द एकत्र दिसावा लागतो. तुम्ही लूप लावून एकेक खूण वेगळी काढली (सहसा प्रत्येक अक्षराला वेगळा रंग द्यायला किंवा अक्षरं वर्तुळात बसवायला हे करतात), तर ल आणि ह यांची जोड बसत नाही, आणि ओकाराची मात्रा एकटी पडून ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन बसते. तोडायचंच असेल तर अक्षरसमूहाच्या सीमेवर तोडा. क्यूटीत क्यूटेक्स्टबाउंडरीफाइंडर हे काम करतो.

जागा पुरत नाही म्हणून शब्द कापतानाही तेच. पहिल्या चार खुणा घेतल्या की 'कोल्' उरतं, पाय मोडलेलं. टिंबं देऊन कापायचं असेल तर फाँटमेट्रिक्सचं इलाइडेडटेक्स्ट वापरा. रुंदीही त्यालाच विचारा. 'खुणांची संख्या गुणिले दहा पिक्सेल' हा हिशेब 'हातकणंगले'ला एका बाजूला चुकतो आणि 'गडहिंग्लज'ला दुसऱ्या.

वरचा भाग कापला जातो तो उंची अंदाजानं धरल्यामुळे. 'मूर्ती' लिहून बघा: वेलांटी, तिच्यावर रफार, खाली ऊकार. १६ पिक्सेलच्या पट्टीत इंग्रजी आरामात बसतं, मराठीची टोपी जाते. उंची फाँटच्या असेंट-डिसेंटवरून (तळरेषेच्या वरच्या आणि खालच्या मापावरून) काढा. विजेट लहान असेल तर 'मूर्ती' आणि 'कृष्णा' हे दोन शब्द माझी कायमची चाचणी आहेत. शिवाय 'दऱ्या'. त्यातला र आडवा, वळणदार यायला हवा, 'सूर्य'सारखा डोक्यावर नव्हे. तो चुकला तर फाँट बदला किंवा मजकूर टाइप करताना काय घुसलंय ते बघा.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची हौस आवरा, शिरोरेषा तुटते. फाँटचं नाव ठरवून द्या: विंडोजवर निर्मला किंवा मंगल, लिनक्सवर नोटो सॅन्स देवनागरी. नाहीतर सिस्टीम दुसराच फाँट उचलते आणि मापं बदलतात. आणि पायथॉनच्या पिलो लायब्ररीनं चित्रावर मराठी लिहीत असाल, तर तिच्यासोबत राक्म ही लायब्ररी आहे का बघा. ती नसेल तर पिलो शेपिंग करतच नाही.

१०. माझ्या पीसीवर सुरेख, गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर धुरकट. काय करायचं?

त्याच्या लॅपटॉपवर स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असणार. १०० टक्क्याला विंडोज ९६ डीपीआय (इंचाला ९६ टिंबं) धरतं, १५० ला १४४. प्रोग्रामनं 'मला हे कळतं' असं सिस्टीमला सांगितलं नसेल, तर ती तुमचं चित्र फोटोसारखं ताणते. क्यूटी ६ मध्ये हे आपोआप चालू असतं, क्यूटी ५ मध्ये सांगावं लागतं, टीकेइंटरला विंडोजवर वेगळं कॉल करून सांगावं लागतं.

तरीही धुरकट राहिलं तर तुमचा स्वतःचा पिक्समॅप (मेमरीत काढून ठेवलेलं चित्र) दोषी आहे. विजेट ३०० बाय ४०० आणि गुणोत्तर १.५ असेल तर पिक्समॅप ४५० बाय ६०० चा हवा, आणि त्याला डिव्हाइस-पिक्सेल-रेशो १.५ म्हणून सांगायला हवं. विंडो दुसऱ्या मॉनिटरवर ओढली की हे गुणोत्तर बदलू शकतं, तेव्हा ते एकदाच वाचून ठेवू नका.

११. काढलेल्या आकारावर क्लिक झाला हे कसं ओळखू?

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे काढलेत असं समजा. पडद्यावर ते फक्त रंगीत पिक्सेल आहेत. क्लिक कुणाला झाला हे सांगायला तिथं कुणी नाही. पण सात आयत तुमच्या यादीत आहेत (नसतील तर प्रश्न ३ परत वाचा). क्लिकचा बिंदू कुठल्या आयतात पडतो ते यादीत शोधा. शोध उलट्या क्रमानं घ्या: जो शेवटी काढला तो सगळ्यात वर दिसतो, म्हणून त्याला आधी विचारायचं. बारीक रेषेवर अचूक क्लिक कुणालाच जमत नाही, म्हणून चार-पाच पिक्सेलची सूट द्या. झूम किंवा सरकवणं असेल तर क्लिकचा बिंदू आधी उलट्या ट्रान्सफॉर्ममधून (झूम-सरकवण्याचं गणित उलटं करून) काढा.

आकार शेकड्यांनी असतील आणि ते ओढता, निवडता यायला हवे असतील, तर हे सगळं स्वतः लिहू नका. क्यूग्राफिक्सव्ह्यू किंवा टीकेचा कॅनव्हास घ्या. तिथं काढलेली रेष ही खरोखर वस्तू असते. तिला क्रमांक असतो, ती हलवता येते, आणि पुन्हा रंगवण्याची काळजी टूलकिट घेतं. याच्या बदल्यात लाखो वस्तू झाल्या की ते जड होतं.

१२. माउसनं निवडीची चौकट ओढताना मागं रेघोट्या राहतात.

कुठल्यातरी जुन्या पुस्तकातली एक्सॉर युक्ती वापरली असणार: तीच रेष दुसऱ्यांदा काढली की पुसली जाते, ही. एके काळी मशीन हळू होती तेव्हा ती ठीक होती. आजच्या डेस्कटॉपवर तिचा भरवसा नाही. चौकटीचे दोन कोपरे व्हेरिएबलमध्ये ठेवा, माउस हलला की अपडेट म्हणा, आणि चौकट सगळ्यात शेवटी काढा. क्यूटीत तयार क्यूरबरबँडही आहे.

१३. आलेखात बिंदू वाढले की प्रोग्राम रांगायला लागतो.

शिरोलीच्या एका फाउंड्रीसाठी भट्टीच्या तापमानाचा आलेख केला होता. सेकंदाला एक नोंद, आठ तासांची शिफ्ट, म्हणजे २८,८०० बिंदू. आलेखाची रुंदी ९०० पिक्सेल. एका उभ्या पिक्सेलरांगेत ३२ बिंदू कोंबले जात होते. दिसणार एकच, मेहनत बत्तीसांची.

पहिला मोह होतो ३२ ची सरासरी काढायचा. तो टाळा. १४०० अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस पाच सेकंद खाली घसरून परत वर आला, तर सरासरीत ते बुडून जातं, आणि सुपरवायझरला नेमकं तेच बघायचं असतं. प्रत्येक रांगेतला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा घ्या आणि त्या दोघांमध्ये उभी रेष काढा. ९०० रेषा. एकही उसळी हरवत नाही.

दुसरं, जे बदलत नाही ते परत परत काढू नका. अक्ष, जाळी, आकडे, पट्टीतल्या ३९ आणि ४३ च्या रेषा हे एकदा पिक्समॅपवर काढून ठेवा आणि दर वेळी चिकटवा. विंडोचा आकार, स्केलिंग किंवा थीम बदलली तरच तो पिक्समॅप नवा करा. तिसरं, पेंटइव्हेंटमध्ये फाइल उघडणं, डेटाबेसला विचारणं, यादी सॉर्ट करणं यातलं काही करू नका. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात तुमच्याशिवाय इतरांचीही कामं असतात.

सी++ मध्ये परत लिहू का, असं विचारणाऱ्यांनी आधी हे तिन्ही करावं. मला अजून तरी त्यापुढं जावं लागलं नाही.

१४. सेन्सर वाचणाऱ्या थ्रेडमधूनच (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामातूनच) विजेट रंगवलं. कधी चालतं, कधी कोसळतं.

कधीतरी चालतं हाच त्यातला धोका. विजेट आणि क्यूपिक्समॅप यांना मुख्य थ्रेडशिवाय कुणी हात लावायचा नाही. सेन्सरच्या थ्रेडनं फक्त आकडा सिग्नलनं पाठवावा, मुख्य थ्रेडनं तो साठवून अपडेट म्हणावं. स्विंगमध्ये इनव्होकलेटर, विनफॉर्म्समध्ये बिगिनइनव्होक. जड चित्र बाजूच्या थ्रेडमध्ये तयार करायचंच असेल तर ते क्यूइमेजवर काढा, त्याला परवानगी आहे. तयार झालेली इमेज मुख्य थ्रेडकडे सोपवा.

१५. सकाळी नीट चालतो, दुपारी अक्षरं गायब, बटणं पांढरी. रीस्टार्ट केलं की परत ठीक!

हे माझ्याच हातून झालंय. जुना प्रोग्राम, थेट जीडीआयवर (विंडोजच्या चित्र काढायच्या जुन्या सोयीवर) लिहिलेला, एका कारखान्यात लावलेला. सकाळी आठला सुरू व्हायचा आणि जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास विद्रूप व्हायचा. तिथले लोक म्हणायचे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, आणि मी दोन दिवस ते खरं मानलं.

मग टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना उघडून स्टूल घेऊन समोर बसलो. दर पाच सेकंदांनी आकडा तीननं वाढत होता. मी प्रत्येक पेंटमध्ये एक पेन आणि दोन ब्रश बनवत होतो आणि परत करत नव्हतो. विंडोज एका प्रोसेसला मुळात १०,००० अशा वस्तू देतं. तीन-तीननं तिथं पोचायला ३,३३३ वेळा रंगवावं लागतं, पाच सेकंदांच्या हिशेबानं साधारण चार तास अडतीस मिनिटं. आठ वाजल्यापासून मोजा.

बनवलेलं डिलीटऑब्जेक्टनं मोडा. त्याआधी जुना पेन सिलेक्टऑब्जेक्टनं जागेवर ठेवा, कारण निवडलेला पेन मोडत नाही. विनफॉर्म्समध्ये पेन-ब्रश यूझिंगच्या कंसात बनवा. क्यूटीत हा त्रास जवळजवळ नाही.

१६. स्क्रीनरीडर वापरणाऱ्याला माझं विजेट 'दिसतच' नाही. खरंय का?

खरंय. त्याच्या लेखी तिथं कोरा आयत आहे. निदान विजेटला ॲक्सेसिबल नाव द्या, आणि पातळी बदलली की वर्णनात '४१ फूट, इशारा पातळीच्या वर' असा मजकूर भरा. क्लिक होणारं असेल तर कीबोर्डनंही चालवा आणि फोकस कुठं आहे ते ठिपक्यांच्या चौकटीनं दाखवा. नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नका, रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखेच. रंग थीमच्या पॅलेटमधून घ्या, म्हणजे डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होणार नाही.

१७. साहेबांना हाच आलेख कागदावर हवाय. परत सगळं लिहू?

नको. रंगवण्याचा कोड पेंटइव्हेंटमधून काढून 'पेंटर आणि आयत दिला की काढणाऱ्या' वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. पेंटइव्हेंट त्याला विजेटचा पेंटर देईल, छपाईचं बटण प्रिंटरचा. पीडीएफही त्याच वाटेनं निघते.

अडतं ते जाडीवर. ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.०४ मिलिमीटर. स्क्रीनवरची ठसठशीत रेष कागदावर केसाहून बारीक येते. पेनची जाडी शून्य दिली असेल तर ती कायम एकाच पिक्सेलची राहते, कितीही स्केल करा. जाड्या, समास, टिंबांचे आकार मिलिमीटरमध्ये ठरवा आणि डीपीआयवरून पिक्सेल काढा. फाँट पॉइंटमध्ये द्या. प्रश्न १३ मधलं दाटीचं गणित प्रिंटरच्या रुंदीनं परत करा, स्क्रीनचे ९०० रकाने कागदावर ताणू नका. आणि प्रश्न १३ मधलाच जपून ठेवलेला पिक्समॅप प्रिंटरला चिकटवू नका, जाळी फोटोसारखी फुटलेली येते. तिथं अक्ष आणि जाळी नव्यानंच काढायची.

डार्क मोडची थीम प्रिंटरला जाऊ देऊ नका. आमच्या एका पोरानं शिफ्टचे बारा आलेख काळ्या पार्श्वभूमीसकट छापले. सहाव्या पानाला टोनर संपला.